मोजणारा मी, ऐकणारा थोरला

एक होतं घर, घरामागे होती भट्टी. त्या घरात एक सासू, एक सून, दोघींच्या मधे बसून जेवणारा एक लेक आणि लांबच्या गावी दिलेली एक लेक, अशी चार माणसं. पाचवा एक हात. माणसाचा नव्हे, लोखंडाचा. त्या हाताच्या पोटात नखाएवढी एक काळी चकती, आणि चकतीच्या आत, कुणाच्याही नजरेला न पडणारा मी.

मी टायमर बोलतोय.

टायमर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघरातलं डबडं येईल, टिकटिक करणारं आणि वेळ झाली की ठणाणा करणारं. ते माझं लांबचं नातलग. मला ना तबकडी, ना काटे, ना घंटी. मला एकच येतं. मोजता येतं. पण जे येतं ते असं येतं की आभाळ कोसळलं तरी माझा आकडा चुकायचा नाही.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे माणसं तोंडं झाकून हिंडायची, एकमेकांना ओळखायची ती चालीवरून. आमचं मूळ म्हणे वाळू. वाळू वितळवली, चकत्या पाडल्या, त्यांच्यावर बारीक बारीक खोल्या कोरल्या आणि एकेका खोलीत एकेकाला बसवलं. पुढे ज्या घरात गेलो तिथे मातीचे कप भाजायचे. मला ते ऐकून बरं वाटलं. वाळूचा मी, मातीचे कप, भट्टीतून निघालेले दोघंही. भाऊबंदच म्हणायचे.

आमच्या चकतीला जाणकार लोक मायक्रोकंट्रोलर म्हणतात. मी आपलं घर म्हणतो. घराचा कारभारी थोरला. वाचणं, बेरजा करणं, कुणाला उठ म्हणणं, कुणाला बस म्हणणं, सगळं त्याच्याकडे. आम्ही टायमर भावंडं कोपऱ्यात. शेजारी गारगोटीचा एक खडा राहतो, तो सारखा धडधडत असतो. आम्ही त्याचे ठोके मोजायचे. किती मोजायचे ते थोरला सांगणार. तेवढे झाले की त्याची बाही ओढायची, झालं म्हणायचं, आणि पुन्हा शून्यापासून सुरू. पण थोरल्याने आधी आम्हाला जागं करायला हवं ना. तो जागं करणार कुणी सांगितलं तर. नाही सांगितलं, तर आम्ही जन्मभर शून्यावर बसून.

मी पुष्कळ काळ शून्यावर बसलो, बरं का. आधी एका दुरुस्तीच्या दुकानातल्या खणात, स्क्रूंच्या आणि तुटक्या तारांच्या गर्दीत. त्या दुकानात एक मुलगी पंखे आणि रेडिओ दुरुस्त करायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुला काय देऊ?" ती म्हणाली, "हा खण द्या." तिने कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी खण ठेवला आणि आम्ही सासरी आलो. ती आमच्या गोष्टीतली सून.

आता त्या घराचं काम सांगतो, नाहीतर पुढचं उमजायचं नाही.

लेक चाकावर कप घडवायचा. कप वाळले की एकदा भाजायचे, मग झिलईत बुडवायचे आणि पुन्हा भाजायचे. झिलई म्हणजे बादलीभर दाट पाणी, दुधावरच्या सायीसारखं. भट्टीत गेलं की तेच वितळून काचेसारखं चकाकतं. खरी मेख बुडवण्यात आहे. कप चिमट्यात धरायचा, बुडवायचा, मनात मोजायचं आणि काढायचा. कमी मोजलं तर कप खरखरीत निघतो, ओठाला लागतो. जास्त मोजलं तर झिलई ओघळते, कप भट्टीतल्या फरशीला चिकटतो, मग बसा छिन्नी घेऊन.

बुडवायचं काम सासूचं. ती मोजायची तेव्हा ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आणि त्या घरात एक नियम होता, सासऱ्याच्याही आधीपासूनचा. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही. दूध उतू जाऊ दे, दारात कुणी ताटकळू दे, मोजणाऱ्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही.

सून नवी होती. एका सकाळी सासू कप बुडवून उभी होती आणि ही चुलीपाशी. तिने तिथूनच विचारलं, "आई, चहात साखर किती घालू?"

सासूचे ओठ थांबले. लेक चाकावरून उठला. सासूने कप काढला, पण उशीर झाला होता. तो कप तिने भाजला, फरशीवरून सोडवला, आणि सुनेच्या पुढ्यात आणून ठेवला. एका बाजूने झिलई ओघळून तळाशी तिचा गोळा झालेला. कप टेबलावर ठेवला की कलायचा.

"हा तुझा," सासू म्हणाली. "यातच पीत जा."

सून त्या कलणाऱ्या कपात चहा प्यायला लागली आणि नियम शिकली. इतका पक्का शिकली की पुढे त्यानेच घात केला. पण ते नंतर.

काही वर्षं गेली. सासूची मनगटं दुखायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. चिमटा धरला की हात थरथरायचा आणि वेळेवर वर यायचा नाही. मोजणं बरोबर, पण हात ऐकेना. भट्टी उघडली की निम्मे कप फरशीला चिकटलेले. लेक छिन्नी घेऊन बसायचा आणि आईकडे बघायचं टाळायचा. त्याने बुडवून पाहिलं, सुनेने बुडवून पाहिलं. लेकाचे कप पातळ, सुनेचे जाड.

नणंद माहेरी आली तेव्हा तिने ते चिकटलेले कप पाहिले. ती स्पष्ट बोलणारी बाई. दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम करते, रोज दुसऱ्याचं दुखणं बघून तिला आडपडदा ठेवायची सवयच राहिली नव्हती.

"हात राहिले नाहीत, मग भट्टी कशाला?" ती म्हणाली. "विझवा. आई माझ्याकडे येईल. तू कुठेतरी नोकरी धर."

"आणि चाक?" लेकाने विचारलं.

"चाक काय, कुणीही घेईल."

सासू उठली आणि बादलीपाशी गेली. बादलीच्या काठावर झिलई सुकली होती, ती नखाने खरवडत राहिली. सुनेने ते पाहिलं आणि त्याच दुपारी ट्रंकेच्या तळातून खण काढला.

"आई, मला पुढच्या भाजणीपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"मी कुठे चाललेय?" सासू म्हणाली. "आत्ता तरी इथेच आहे."

तर असा तो हात जन्माला आला. मोटरी जुन्या यंत्रांतल्या, खांब पत्र्याच्या खुर्चीचा, आणि पंजा म्हणून सासूचाच चिमटा. चिमटा मागायला सून घाबरत होती. सासूने तो धुऊन पुसून दिला. हाताला मेंदू म्हणून आमची चकती बसली. बाजूला एक लाल बटण, दाबलं की सगळं थांबावं म्हणून.

मी आत आनंदाने ताठ झालो. म्हटलं, मोजायचं काम आलं, आता आपली पाळी.

सुनेने प्रोग्राम लिहिला, थोरल्याला समजावलं. पंजात कप आला की बुडव. मग थांब, इतका वेळ मोज. मग काढ, फळीवर ठेव. आणि मोजायचं कुणी? थोरल्यानेच.

थोरल्याचं मोजणं कसं असतं सांगू? अंगणात एखाद्याने गोल गोल फेऱ्या मारत फेऱ्याच मोजाव्यात, तसं. त्या वेळात तो दुसरं काही करत नाही. कान बंद, डोळे बंद, नुसता गरगरतो. मी कोपऱ्यात शून्यावर बसून ते बघायचो. अरे बाबा, तो कारभारी आहे, त्याला दारावर राहू दे, फेऱ्या मारायला मी आहे की. पण मला तोंड कुठे?

सुनेला हे कळत नव्हतं असं नाही. दुकानात तिने हे सगळं हाताळलं होतं. पण या घरात ती एकच शिकली होती, मोजणाऱ्याला मधे बोलायचं नाही. मग तिने मोजणारा असा घडवला की त्याला मधे कुणी बोलूच शकणार नाही. तिला त्याचा अभिमानच वाटला. तिने सासूला सांगितलं, "आई, एकदा मोजायला लागला की कुणाचंही ऐकत नाही."

"मग आपल्यातलाच आहे," सासू म्हणाली.

आणि कप सुरेख यायला लागले. खोटं कशाला बोलू. थोरला मोजायचा चांगलं. भट्टीसाठी कपांच्या फळ्या भरायला लागल्या. सासू स्टुलावर बसून बादली काठीने ढवळायची, कारण झिलई स्वस्थ राहिली की तळाशी बसते. सून कपांवरची धूळ पुसून एकेक कप पंजात द्यायची.

"सगळं याच्या हातात नेऊन द्यायचं," सासू म्हणाली. "वर याची बादलीसुद्धा आपण ढवळायची. जावईबापूच आले म्हणायचे."

तेव्हापासून हाताचं नाव जावईबापू. नणंदेला फोनवर कळलं तेव्हा ती थोडी फुगली.

पहिल्या थंडीची सकाळ होती. सासूने शाल घेतली होती. ढवळता ढवळता शालीचं टोक खांद्यावरून घसरलं आणि पंज्याच्या स्क्रूत अडकलं. हात खाली, कप झिलईत, थोरला फेऱ्या मारतोय. सासूने टोक ओढलं, निघेना. तिने लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

मी ते बटण ऐकलं नाही, ते माझं कामच नव्हे. ज्याचं काम होतं तो गरगरत होता.

सून चार पावलांवर पाठ करून बसली होती. एक हाक मारली असती तर तिने वायर उपटली असती. पण सासूने हाक मारली नाही.

मोजणं संपलं. हात वर उठला, फळीकडे वळला, शाल ओढली गेली, शालीबरोबर सासू. ती फळीवर आदळली, कपांची अख्खी फळी खाली आली आणि तिचं मनगट अंगाखाली सापडलं. आवाज झाला तेव्हा सून वळली.

वायर उपटून, शाल सोडवून तिने सासूला उठवलं. "आई, मी इथेच होते. हाक का नाही मारलीत?"

सासू फुटलेल्या कपांकडे बघत म्हणाली, "मोजत होता ना तो."

नणंद दुसऱ्याच दिवशी आली. तिने मनगटाला पट्टी बांधली, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि आईची पिशवी भरायला घेतली. सुनेला ती काही लागेल असं बोलली नाही. ते सुनेला जास्त लागलं.

"ताई, अजून अर्धी भट्टी बुडवायची राहिलीय," लेक म्हणाला.

"राहू देत कोरे."

तेव्हा सासूने तोंड उघडलं. "अर्धी भट्टी मी जन्मात पेटवलेली नाही. ही एक पुरी भरून भाजा. मग येते मी तुझ्याबरोबर."

नणंदेने भावाकडे पाहिलं, भावाने जमिनीकडे. ठरलं. ही शेवटची भाजणी. भट्टी थंड झाली की आई जाणार आणि चाक विकायचं.

पण उरलेले कप बुडवणार कोण? सासूचा हात गळ्यात. जावईबापूंच्या जवळ जायला नणंद कुणाला देईना, आणि ते बरोबरच होतं.

सुनेने बटण बदललं. तिला वाटलं, बटणच खराब. नवं बटण, नव्या तारा. दाबलं, हात थांबला. परत दाबलं, थांबला. तिसऱ्यांदा दाबलं तर जसाच्या तसा चालू. तिने पुन्हा सगळं उसकटलं, पुन्हा जोडलं. कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. मी आत तळमळत होतो. बाई गं, बटण काही बहिरं नाही.

लेक तिला मदत करायला आला. मदत म्हणजे काय, बोलत उभा राहिला. बोलता बोलता बटणावर अंगठा ठेवून दिला आणि उचलायचा विसरला. हात खाली होता, कप बुडालेला. अंगठा बटणावरच. थोडा वेळ काही झालं नाही. मग, वर उठायच्या क्षणाला हात थबकला.

"ऐकतो की," लेक म्हणाला. "पण आपलं काम उरकून."

सून त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "अहो, पुन्हा करा. तसंच दाबून धरा."

त्याने धरलं. तसंच झालं.

"तुझ्यासारखाच आहे," तो हसत म्हणाला. "तुलाही मोजताना हाक मारली की मोजून झाल्यावरच ओ देतेस."

ती हसली नाही. तिथेच पत्र्याच्या पेटीवर बसली. "बटण चांगलं आहे," ती म्हणाली. "मीच त्याला बहिरा केला. दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इथे मला ते बरोबर वाटलं."

"आता?"

"आता मोजायचं काम दुसऱ्याला देते. आत एक जण कधीचा बसून आहे."

तो एक जण म्हणजे मी. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी काढलेले हे पहिले शब्द.

तिने प्रोग्राम नव्याने लिहिला आणि मला जागं केलं. गारगोटीचा पहिला ठोका मोजला तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. बाळंतिणीला आपलं मूल पहिल्यांदा हातात दिल्यावर वाटत असेल, तसं काहीसं. दुसरा ठोका, तिसरा. मोजणं म्हणजे मी आणि मी म्हणजे मोजणं.

पहिला घोटाळा मात्र लगेच झाला. वेळ झाली की मी थोरल्याची बाही ओढायची, इथवर ठीक. पण सुनेने उत्साहात त्या हाकेतच सगळं भरलं. हाक आली की हात उचल, वळव, फळीवर ठेव, परत आण. मी बाही ओढली आणि थोरला माझ्या हाकेतच अडकला. पुन्हा बाहेरचं ऐकणं बंद. लेकाने बटण दाबलं, हात चालूच. सुनेने कपाळावर हात मारला. मग तिने मला बजावलं म्हणा ना: तू हाक मारायचीस, आतल्या पाटीवर 'झालं' म्हणून खूण करायचीस आणि गप्प बसायचंस. पुढचं थोरला बघेल.

हे मला पटलं. हाक मारणाऱ्याने गोष्ट सांगत बसू नये. गोष्ट सांगायला आज बसलोय तेवढं पुरे.

आता थोरला मोकळा झाला. मी मोजतोय तोवर तो घरभर फिरायचा. बटण दाबलंय का? नाही. पंजा घट्ट आहे का? आहे. पाटीवर खूण झालीय का? अजून नाही. पुन्हा बटण. एका कपाच्या बुडण्यात त्याच्या किती चकरा व्हायच्या ते त्यालाच ठाऊक. शिवाय सुनेने ढवळायच्या काठीलाही एक छोटी मोटर जोडली आणि तीही त्याच्याकडे सोपवली. आता कुणाची शाल तिथे जायचं कारणच नव्हतं.

मग तिने सासूला आणि नणंदेला बोलावलं.

सासू स्टुलावर बसली, पण लांब. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मोजता मोजता ऐकणारा चुकतो. मी चुकले होते."

"आई, मोजणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा केलाय. मोजणारा कुणाचं ऐकत नाही, अगदी तुमच्यासारखा. ऐकणारा मोजायला जात नाही."

"म्हणजे आत दोघं आहेत?"

"दोघं."

"पटतं का त्यांचं?"

"अजून तरी भांडण ऐकलं नाही."

"मग ते आपल्या घरातले नव्हेत," सासू म्हणाली आणि नणंदेला हसू आवरेना.

सुनेने ढवळायची जुनी काठी घेतली, तिला चिंधी बांधली, चिंधी पंज्याच्या स्क्रूत अडकवली. हात खाली गेला, मी मोजायला लागलो. नणंदेने बटण दाबलं. हात जागच्या जागी थांबला आणि पंजा उघडला. तिने पुन्हा केलं. मग त्याला पकडायचंच म्हणून अगदी मोजणं सुरू होता होता दाबलं, संपता संपता दाबलं, पाठ करून गुपचूप दाबलं. दरवेळी थांबला. दवाखान्यात काम करणारी बाई ती, सहज विश्वास ठेवणारी नव्हे.

"थांबतो," ती शेवटी म्हणाली. "पण इकडे तिकडे बघत मोजलेलं भट्टीत टिकेल का?"

त्याचं उत्तर भट्टीच देणार.

उरलेले कप बुडवायला घेतले. सवयीने सगळे गप्प. सून एकेक कप देतेय, मी मोजतोय, फळी भरतेय. सासू स्टूल ओढत ओढत जवळ आली. तिचे ओठ हलत होते. मी ओळखलं, ती माझ्याबरोबर मोजत होती. माझ्या आधी नाही, नंतर नाही.

एक कप खाली गेला. मी मोजायला लागलो. सासूचे ओठ या वेळी हलले नाहीत. तिने सुनेकडे पाहिलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "सूनबाई, चहात साखर किती घालू?"

लेकाच्या हातातला कप सुटता सुटता राहिला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हे केलं नव्हतं, आणि एकदा सुनेने केलं तेव्हा कलणारा कप वाट्याला आला होता. चौघंही हाताकडे बघत होती. थोरल्याने बटण पाहिलं, पंजा पाहिला, काठी ढवळत ठेवली. मी मोजत होतो. माझं झालं, बाही ओढली. हात उठला, झिलई निथळली, कप फळीवर गेला.

"विचारलंय मी काहीतरी," सासू म्हणाली.

"दोन चमचे," सून म्हणाली.

सासूने डाव्या हाताच्या नखाने त्या कपाच्या बुडाशी एक रेघ ओढली. "जाऊ दे भट्टीत."

भट्टी पेटली, पोटभर जळली, मग हळूहळू थंड होत राहिली. थंड होणाऱ्या भट्टीला घाई करता येत नाही, उघडली की कप तडकतात. नणंदेची आणि आईची अशा दोन पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या. माणसं उगाच भट्टीच्या भिंतीला हात लावून बघायची, आणि परत आत जायची. मला कुणी मोजायला लावलं नव्हतं. नाहीतर मी सांगितलं असतं, अजून वेळ आहे.

भट्टी उघडायच्या दिवशी लेकाने छिन्नी बरोबर घेतली होती. पहिली फरशी बाहेर आली. त्याने एक कप उचलला, तो अलगद आला. दुसरा उचलला. तिसरा. खालच्या फरशीपर्यंत पोचला तेव्हा छिन्नी कुठेतरी बाजूला पडली होती आणि तिची कुणाला आठवणही नव्हती.

सासूने कप उलटे करून करून रेघेचा कप शोधला. तो उन्हात धरला, आत बोट फिरवलं, काठावरून अंगठा फिरवला. टेबलावर ठेवला. कलला नाही.

"हा माझा," ती म्हणाली. "यातच पिणार मी."

मग नणंदेकडे वळून, "पोरी, तुझी पिशवी तेवढी घेऊन जा. माझी रिकामी कर."

नणंद थोडा वेळ आईच्या गळ्यातल्या हाताकडे आणि मग आमच्या हाताकडे बघत राहिली. "जावई घरात ठेवून घेतलात म्हणजे लेकीची गरज संपली," ती म्हणाली. पण पिशवी तिनेच रिकामी केली, आणि तिच्यात कागदात गुंडाळून कप भरले, दवाखान्यात चहाला. ते कप तिथल्या लोकांनी पाहिले, त्यांच्या नातलगांनी पाहिले, आणि आता दर भाजणीला नणंद स्वतः येते आणि पिशव्या भरून नेते. येते तेव्हा चार दिवस राहते. चाक विकायची गोष्ट कुणी काढत नाही.

मी अजून त्याच चकतीत आहे. कुणी माझं नाव घेत नाही, सगळे जावईबापूंचंच कौतुक करतात, आणि त्याचं मला काही नाही. मोजायला मिळतंय. एवढंच सांगतो, तुमच्या घरात कुणी एकटाच सगळं मोजत बसला असेल, तर त्याच्या हातातलं थोडं मोजणं काढून घ्या. आणि तो मोजत असला तरी, शाल अडकली तर हाक मारा. नियम काही तुमच्या मनगटाहून मोठा नाही.

सासूचं मनगट बरं झालंय. बुडवायचं नसल्यामुळे ती आता कपांना धरायचे मातीचे कान लावते, आणि ते काम बसून होतं. एक जण चाकावर, एक जण कान लावतेय, एक जण कप देतेय, मी मोजतोय, आणि दिवसभर त्या घरात नुसती बडबड चाललेली असते. साखरेची, पावण्यांची, शेजाऱ्यांच्या मांजराची. पूर्वी जिथे श्वासही दबकत घ्यायचे तिथे. सून अजून आपल्या कलत्या कपातच चहा पिते. सासूने तिला तीनदा नवा कप दिला, तिने घेतला नाही. मग सासूने त्या कपाच्या बाजूखाली मातीची एक छोटी पाचर करून, भाजून, तिला दिली. आता तो कपही सरळ उभा राहतो.